भूक : लादलेली आणि पत्करलेली
(मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे एक अभ्यास)

शालेय इतिहासात भूक दोन निरनिराळ्या ठिकाणी भेटते. एका प्रकरणात दुष्काळ असतो : पाऊस पडत नाही, धान्य महागते, माणसे गाव सोडतात, मरतात. दुसऱ्या प्रकरणात उपोषण असते : एखादा नेता वा कैदी अन्नत्याग करतो आणि सत्ताधीशांना हलवून सोडतो. पहिली भूक निसर्गाच्या खात्यावर मांडली जाते, दुसरी राजकारणाच्या. या दोन प्रकरणांमध्ये पुस्तकात बरीच पाने असल्यामुळे विद्यार्थी त्यांचा संबंध जोडत नाही. प्रस्तुत लेखात तो संबंध तपासावयाचा आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांना भूक वारशात मिळाली, त्या समाजाने भुकेचा इतिहास इतरांच्या शब्दांत वाचून समाधान मानू नये, ही त्यामागील भूमिका आहे.

१. दुष्काळ आणि उपासमार एक नव्हेत

पाऊस न पडणे ही निसर्गाची घटना आहे. त्यामुळे माणूस उपाशी मरणे ही समाजाची आणि शासनाची घटना आहे. अमर्त्य सेन यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हाच मुद्दा मांडला. बाजारात धान्य असूनही लाखो माणसे मेली, कारण ते धान्य मिळविण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. मजुरी नव्हती, जमीन नव्हती, भाव परवडत नव्हता. म्हणून दुष्काळात पहिला बळी सर्वांचा मिळून जात नाही. भूमिहीन, बलुतेदार, विधवा, लहान मुले या क्रमाने भूक घरात शिरते.

आपल्या प्रदेशाला हा क्रम चांगला ठाऊक आहे. 1630 ते 1632 या काळात दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळाने होरपळले. संत तुकारामांच्या घरात मृत्यू शिरला तो याच दुष्काळात. त्यानंतर लगेच 1633 साली मोगल सेनापती महाबतखानाने दौलताबादच्या किल्ल्याला वेढा घातला. तोफांइतकेच काम उपासमारीने केले. आतील रसद संपली आणि मलिक अंबरचा पुत्र फतेहखान याने किल्ला स्वाधीन केला. आपल्या शहरापासून काही कोसांवर उभ्या असलेल्या या दुर्गाच्या भिंती अजिंक्य होत्या, परंतु भुकेला भिंत अडवू शकत नाही. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना अंधारी वाट आणि मेंढा तोफ दाखवतो, तेव्हा हेही सांगावयास हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1899-1900 च्या दुष्काळाने निजामाच्या राज्यातील मराठवाडा उद्ध्वस्त केला. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या 1891 आणि 1901 च्या जनगणनांच्या दरम्यान वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या कोरड्या आकड्यांमागे किती घरे बंद झाली असतील, याची कल्पना करावी.

२. 1877 : खडी फोडणाऱ्यांचा नकार

1876 ते 1878 चा दुष्काळ दक्षिण भारताच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक होता. ब्रिटिश सरकारने दुष्काळी कामे काढली, परंतु खर्च कमी करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने 1877 च्या आरंभी मजुरी घटवली. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला केवळ एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि त्यासोबत नाममात्र पैसे देण्याचे ठरले. एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस हळूहळू मरतो, हे समजण्यास वैद्यकशास्त्राची आवश्यकता नव्हती.

मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या दराने काम करण्यास नकार दिला आणि ते कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या घटनेकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. उपाशी माणूस मिळेल ते घेतो, असा समज असतो. या मजुरांनी तो खोटा ठरवला. अर्धपोटी राबून मरण्यापेक्षा त्यांनी काम नाकारणे पसंत केले. भूक हे निषेधाचे साधन म्हणून आपल्या भूमीत सामूहिकपणे वापरले गेले ते या निनावी मजुरांकडून. त्यांच्या अन्नत्यागाची तिथी कोणी पाळत नाही.

याच वर्षी क्रांतिबा जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी धनकवडी येथे बालाश्रम चालवला. सावित्रीबाईंनी एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची दशा आणि कार्यकर्त्यांची धडपड वर्णिली आहे. फुले दांपत्याच्या कार्यात अन्न आणि शिक्षण एकाच छपराखाली आले, ही आपल्या निवासी शाळांच्या वंशावळीतील पहिली नोंद मानावयास हरकत नाही.

३. गावाने लादलेली भूक

दुष्काळ काही वर्षांनी येतो आणि जातो. अस्पृश्यतेने लादलेली भूक मात्र प्रत्येक वर्षी, चांगल्या पावसातही, दारात असे. वतनाच्या नावाखाली अहोरात्र गावाची सेवा करायची आणि मोबदला म्हणून भाकरीचे तुकडे मागत फिरायचे, मेलेल्या जनावराचे मांस खायचे. ही व्यवस्था पोट भरण्यासाठी नव्हती, मान झुकवण्यासाठी होती. 1927 च्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला आणि त्याच वेळी आपल्या बांधवांना मृत मांस व उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले. ज्याच्या घरात दुसरे काही नाही त्याला मिळते तेही सोडण्यास सांगणे, ही केवढी मोठी मागणी होती! आणि लोकांनी ती मानली. तो अन्नत्याग एखाद्या नेत्याचा काही दिवसांचा नव्हता, तो संपूर्ण समाजाचा आणि कायमचा होता.

गावांनी त्याचे उत्तर बहिष्काराने दिले. दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. या समितीने 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे किती परिणामकारक शस्त्र आहे, हे नमूद केले. अस्पृश्य आर्थिकदृष्ट्या गावावर अवलंबून असल्यामुळे त्यांना चोपण्याचीही गरज नसते. चूल बंद केली की पुरे. ही जुनी गोष्ट नव्हे. 1972 साली, दुष्काळाच्याच काळात, इंदापूर तालुक्यातील बावडा गावी बौद्धांवर बहिष्कार टाकण्यात आला. दलित पँथरचा उदय ज्या संतापातून झाला, त्या संतापात बावड्याचे नाव आहे. बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यास महाराष्ट्राला 2016 साल उजाडावे लागले.

या भुकेवर खरा उपाय जमीन हाच होता. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचे सत्याग्रह केले. डिसेंबर 1964 मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यातील गायरान जमिनीचा लढा याच प्रवाहातील आहे. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा 1991 चा शासननिर्णय त्या लढ्याचे अंशतः यश होय. आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा पहिला खर्च अशाच दोन-तीन एकर गायरानातील ज्वारी-बाजरीने उचलला आहे.

४. बहात्तरचा दुष्काळ आणि कामाचा हक्क

इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक गृहपाठ देतो : सुटीत घरी गेल्यावर वयोवृद्धांना ‘बहात्तर’विषयी विचारा आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहून आणा. त्या वह्यांतून काही शब्द हटकून येतात. सुकडी, मिलो, खडी, तगारी, मस्टर, मुकादम. परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकर थापताना तुटायची, असे आज्या सांगतात. विहिरीत तळाशी का होईना पाणी होते, कणगीत दाणा नव्हता, हेही बहुतेक वह्यांत असते. अलीकडच्या दुष्काळांत, विशेषतः 2012-13 आणि 2015-16 मध्ये, हे चित्र उलटे झाले. दुकानात धान्य होते आणि हंडे कोरडे. लातूरला तर 2016 साली रेल्वेने पाणी न्यावे लागले.

1970 ते 1973 या सलग अवर्षणाने महाराष्ट्राची कोट्यवधी जनता संकटात सापडली. बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे अत्यंत होरपळलेल्या भागात होते. तरीही 1877 प्रमाणे माणसे रस्त्याच्या कडेला मरून पडली नाहीत. का? शासनाने नाला बांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढली आणि 1973 च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे 50 लाख मजूर राबत होते. परंतु हे केवळ शासनाच्या सद्भावनेने घडले नाही. मजुरांनी मोर्चे काढले, वेळेवर मजुरी मिळावी म्हणून संप केले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्या लोकांनी भिक्षा मागितली नाही, काम आणि दाम मागितले. दुष्काळ हटला तो या मागणीमुळे.

या काळाचे सर्वांत मोठे अपत्य म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या या योजनेस 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. पुढे 2005 साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ इथे आहे. या योजनेच्या खर्चासाठी 1975 साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. नोकरीत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे 200 रुपये दिसतात, त्यांचा उगम आपल्याच आजी-आजोबांच्या घामात आहे. ती कपात पाहून कुरकुर करण्याऐवजी त्या पैशातून हमीचे काम खरोखर मिळते का, हे विचारणे अधिक योग्य ठरेल.

इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. 1963 साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, असा सौम्य शब्द घातला. नऊ वर्षांनी बहात्तर आले. शब्द पुसल्याने भूक पुसली जात नाही. केवळ जबाबदारीची अक्षरे पुसट होतात.

५. पत्करलेली भूक : उपोषणाची कसोटी

आता दुसऱ्या भुकेकडे वळू. अन्न समोर असताना ते नाकारणे, ही कृती कशाच्या बळावर परिणाम करते? पाण्यावर राहणाऱ्या माणसाच्या शरीरातील साठवलेली साखर साधारण दिवसभरात संपते. नंतर चरबी जळते, मग स्नायू झिजू लागतात आणि सहा-सात आठवड्यांनंतर मृत्यू केव्हाही गाठू शकतो. आयर्लंडचे टेरेन्स मॅकस्विनी 1920 साली ब्रिटिश तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास यांनी 63 दिवसांनी, 13 सप्टेंबर 1929 रोजी प्राण सोडला. कैद्याजवळ सभा नसते, वृत्तपत्र नसते, मत नसते. शरीर तेवढे त्याचे असते. म्हणून कैद्याच्या उपोषणाला एक नैतिक वजन आहे. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांनी नोव्हेंबर 2000 ते ऑगस्ट 2016 असा दीर्घ लढा दिला, त्यातही दुसरा मार्ग उरला नसल्याची व्यथा होती.

परंतु प्रत्येक उपोषण असे असते का? आपल्या इतिहासात या प्रश्नाचे नाव पुणे करार आहे. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि त्यासोबत सर्वसाधारण मतदारसंघातही मत, असा दुहेरी अधिकार दिला. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी 20 सप्टेंबर रोजी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. 24 सप्टेंबरला करार झाला आणि 26 तारखेला उपोषण सुटले. राखीव जागांची संख्या 148 झाली, पण आपले प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा स्वतंत्र अधिकार गेला.

गांधीजीही कैदी होते, म्हणून केवळ तुरुंगाच्या निकषाने हा प्रश्न सुटत नाही. उपोषण कोणाविरुद्ध होते, हे पाहावे लागते. नावापुरते ते सरकारविरुद्ध होते. त्याचा भार मात्र देशातील सर्वांत दुर्बल समाजावर पडला. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर त्याची किंमत खेड्याखेड्यांच्या वेशीबाहेरील असंरक्षित वस्त्यांनी मोजली असती. ही भीती बाबासाहेबांनी उपोषणाच्या पूर्वसंध्येच्या निवेदनात स्पष्टपणे मांडली होती, आणि 1945 च्या ग्रंथात त्यांनी या उपोषणाची कठोर चिकित्सा केली. एका बाजूस पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलेला समाज आणि दुसऱ्या बाजूस त्या समाजाचा हक्क रोखण्यासाठी पत्करलेली भूक, असा तो पेच होता. बाबासाहेबांनी एका माणसाचे प्राण वाचवले आणि समाजाच्या वाट्याला येणारी हिंसाही टाळली. या निर्णयातील करुणा आणि वेदना, दोन्ही आपण विद्यार्थ्यांना शिकवल्या पाहिजेत.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संविधानिक मार्ग खुले असताना असहकार, सत्याग्रह आदी मार्गांना समर्थन उरत नाही. त्यांचा इशारा लक्षात घेऊन उपोषणासाठी तीन कसोट्या सुचवता येतील. पहिली, उपोषण करणाऱ्यापाशी दुसरा खुला मार्ग शिल्लक आहे का? दुसरी, त्याचा दाब सत्तेवर पडतो की आपल्याहून दुर्बल असलेल्यावर? तिसरी, मागणी न्यायाची आहे की दुसऱ्याचा न्याय्य वाटा रोखण्याची? 1877 चे मजूर या तिन्ही कसोट्यांना उतरतात. आज आपल्या विभागातही उपोषणांचे दिवस आहेत. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात 2023 साली अंतरवाली सराटीला आणि 2024 साली वडीगोद्रीला, आरक्षणाच्या प्रश्नावर परस्परविरोधी मागण्यांची उपोषणे झाली. दोन्हीकडे आपले शेजारी आहेत. बाजू घेण्याच्या घाईपूर्वी या कसोट्या लावून पाहाव्यात, एवढीच अभ्यासकाची अपेक्षा असते.

६. तथागतांची दृष्टी

सिद्धार्थ गौतमांनी ज्ञानप्राप्तीपूर्वी कठोर देहदंड केला. अन्न सोडून शरीराचा सापळा झाला, तरी सत्य गवसले नाही. सुजाताने दिलेली खीर त्यांनी स्वीकारली आणि मध्यम मार्गाचा शोध घेतला. म्हणजे बौद्ध परंपरेत आत्मक्लेश हे पुण्य नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावातील एका गरीब शेतकऱ्याची कथा येते. त्याचा बैल हरवला होता. शोधून थकलेला आणि उपाशी असा तो उपदेश ऐकण्यास उशिरा पोहोचला. तथागतांनी प्रथम त्याला जेवू घालावयास सांगितले आणि नंतर धम्म सांगितला. भिक्षूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेसारखी दुसरी व्याधी नाही, हे त्यांनी समजावले. कूटदन्त सुत्तात तर शासनासाठीच शिकवण आहे : चोऱ्या वाढल्या म्हणून राजाने दंड वाढवू नये; शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार रोजगार हमीच्या किती जवळ आहे!

७. आजची भूक

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगात सुमारे 73 कोटी लोक भुकेले होते. धान्याचे उत्पादन विक्रमी असताना ही स्थिती आहे. युद्धात उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर करण्याचा निषेध सुरक्षा परिषदेने 2018 साली ठरावाद्वारे केला. तरीही 2024 साली सुदानच्या झमझम छावणीत आणि 2025 साली गाझात दुष्काळ अधिकृतपणे घोषित झाला. दौलताबादचा वेढा संपलेला नाही, त्याची ठिकाणे बदलली आहेत.

आणि फार दूर कशाला जावे? 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली मरण पावले. टाळेबंदीत काम बंद झाले म्हणून ते जालन्याहून मध्य प्रदेशातील गावाकडे पायी निघाले होते. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. ते उपोषणाला बसले नव्हते, त्यांनी घोषणा दिली नव्हती. तरीही त्या पोळ्यांइतके स्पष्ट निवेदन त्या वर्षी दुसरे कोणते नव्हते.

८. समारोप

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनाच्या परिसरात खेड्यापाड्यांतील मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय उभी राहिली. शिक्षणाच्या वाटेवरील पहिला अडथळा बुद्धीचा नसून पोटाचा आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपली निवासी शाळा त्याच विचाराचे लहानसे रोप आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे पालक आपले मूल इथे ठेवून निश्चिंत मनाने निघतात, कारण इथे ते शिकेल आणि दोन वेळा जेवेल.

माजी विद्यार्थी वाढदिवशी किंवा जयंतीला शाळेत भोजन देतात. त्यामागील कृतज्ञतेचा आदरच आहे. तथापि भोजनगृहातील ताट हे कोणाच्या दानाचे नव्हे, मुलाच्या हक्काचे आहे, ही जाणीव दोन्ही बाजूंनी असावी. आणि ज्या गावांतून आपण आलो तिथे रेशन वेळेवर येते का, शालेय पोषण आहार सर्व मुले एका पंक्तीत बसून घेतात का, हमीच्या कामाची मजुरी मिळते का, याची चौकशी शिकलेल्याने करावी. एक अर्ज लिहून देणे हेही समाजकार्यच आहे.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या घरातील वयोवृद्धांनी पाहिलेला दुष्काळ धान्याचा होता की पाण्याचा? त्यात सर्वांत आधी कोण उपाशी राहिले?
2. 1877 च्या मजुरांचा नकार आणि 1932 चे उपोषण यांची वरील तीन कसोट्यांवर तुलना करा.
3. 1927 साली मृत मांस सोडणे ही धार्मिक कृती होती की राजकीय? कारणे द्या.
4. दान आणि हक्क यांतील फरक आपल्या गावातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

जयभीम! नमो बुद्धाय!